रकाना : उसनं

फॉर्म आला तेव्हा त्यात अकरा रकाने होते.
शीर्षक, निर्माता, दिनांक, प्रकाशक, हक्क…
पाचांच्या डोक्यावर लाल चांदणी :
भरल्याशिवाय फाईल आत जाणार नाही.
ज्यानं तो बनवला त्याच्या गावात
प्रत्येक फोटोला निर्माता असेल,
निर्मात्याला आडनाव.

आमच्याकडे उदगीरच्या नूर स्टुडिओच्या
चार हजार निगेटिव्ह, बिस्किटांच्या डब्यांत.
पाकिटावर आकडा, कधी पेन्सिलीनं दोन शब्द उर्दूत.
बिराजदार सर पाकिटं घेऊन बागवानचाचांकडे जायचे
आणि वाचून आणायचे :
बाकी आठ आणे. बाकी चार आणे.
नाव एकाचंही नाही.

पहिला आठवडा मी दिनांकात
एक जानेवारी एकोणीसशे टाकत गेले,
कारण त्याशिवाय 'जतन करा' उजळतच नव्हतं.
सहाशे माणसं एकाच दिवशी,
एकाच रंगवलेल्या तळ्यासमोर.
सर चष्मा वर करून म्हणाले,
"एवढी गर्दी तर बैलबाजारातबी होत नसती, बाई."

मग मी मांडणी उघडली.
दिनांकाचं कॅलेंडर काढलं, साधी लांब ओळ ठेवली.
तिच्यात मावायला लागलं :
फसली तेराशे छप्पन.
थोरलीच्या लग्नाच्या आधी.
पोलीस ॲक्शनच्या वर्षी, पण आधी का मागून, ध्यानात नाही.
निर्मात्यापुढे अधिकचं चिन्ह लावलं,
कारण शुक्रवारी दुपारी गौसोद्दीन नमाजला जायचे
आणि बटण दाबायचा झाडलोटीचा व्यंकट.
प्रकाशक लपवला. त्याची कुणी चौकशी केली नाही.

कोंडाबाई सूर्यवंशी नातवाच्या गाडीवरून आल्या,
पडद्याजवळ नाक नेऊन तीनशे अठराव्या पोरीकडे बघत राहिल्या.
"ही मीच हाव."
मी शीर्षकात बोटं ठेवली. पूर्ण नाव सांगा, मावशी.
"नाव मागून लिव्हा.
आधी हे लिव्हा की घड्याळ माजं न्हाई.
ष्टुडिओवाल्याचं हाय. समद्यालाच घालायचा त्यो.
लोक मनतील, कोंडीच्या बापाकडं लई पैसा व्हता."

ह्याला रकाना नव्हता.
वर्णनात घातलं असतं तर बुडून गेलं असतं.
मी नवा केला, नाव दिलं : उसनं.
आणि ओढून शीर्षकाच्याही वर नेला.

त्यानंतर कोट सापडला, एकच, कोपरावर ठिगळ,
तहसीलच्या शिपायाला सैल आणि नवरदेवाला आखूड.
छत्री सापडली. काळा चष्मा.
घड्याळ दोनशे बारा मनगटांवर,
सगळ्यांवर चार वाजून वीस मिनिटं.
बंदच होतं ते, पहिल्यापासून.

फक्त एकोणीस जणांच्या उजव्या हातात,
सात चाळीसला.
दोन दिवस वाटत राहिलं, दुसरं घड्याळ असेल.
तिसऱ्या दिवशी डबा खाताना घास हातातच राहिला :
मीच त्या फिल्म पालथ्या घालून स्कॅन केल्या होत्या.
एकोणीस भांग डावीकडून उजवीकडे नेऊन दिले परत,
एका गालावरचा तीळ दुसऱ्या गालावर.
मग फॉर्मात एक चौकोन वाढवला : पालथं झालंय का?

आता पंचवीस रकाने आहेत, चांदणी एकाच्याच डोक्यावर,
पाकिटाच्या आकड्यावर.
अनुदानवाले विचारतात, इतके रिकामे कसे?

कोंडाबाई परवा पुन्हा आल्या.
त्यांच्या पाकिटावरचं मी वाचून दाखवलं :
बाकी चार आणे.
त्या खुर्चीतून उठल्याच.
"दिले व्हते! बापानं माज्यादेखत दिले. खोडा ते."
मावशी, पाकिटावरचं खोडता येत नाही.
"मग माजं कुठं लिव्हणार?"

सर माझ्याकडे बघतात. मी मांडणी उघडते.
सव्विसावा. हरकत.
लांब ओळ ठेवू का छोटी?
"लांब ठेव," सर म्हणतात, "हे कळलं की बाकीचे येतील."